बिनसिमेंटचा स्लॅब

आत कोणी उभं राहायचं, यावर पाड्याचं एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्याने शोध लावला, त्याने.

त्यामुळे प्राध्यापक ललित आहेर अंगणवाडीच्या नव्या खोलीत, शेवटच्या टेकूपासून हातभर अंतरावर उभे होते. बाकीचे टेकू निघाले होते. डोक्यावर चौदा फूट लांब, दहा फूट रुंद स्लॅब होता आणि त्यात सिमेंटचा कणही नव्हता. खडीमशीनच्या मागे वर्षानुवर्षं साठलेली दगडाची भुकटी, वीजकेंद्राची राख आणि ड्रममधून आणलेलं एक झोंबणारं द्रावण, एवढ्यावर आहेर सरांनी डॉक्टरेट मिळवली होती. नाशिकच्या कॉलेजात या मिश्रणाचे ठोकळे यंत्राखाली दाबले, तर ते सिमेंटच्या ठोकळ्यांपेक्षा उशिरा फुटायचे. पण ठोकळ्याखाली कोणी बसत नाही. इथे, सुरगाण्याच्या या पाड्यावर, सोमवारपासून सगळी पोरं बसणार होती.

हेल्मेट एकच आणलं होतं. ते पंचायत समितीच्या सदस्यांनी घातलं होतं आणि सदस्य साठ फुटांवर आंब्याखाली उभे होते.

"काढू का, साहेब?" गवंडी बारकूने घण पेलला.

"काढा ना, बारकूभाऊ. घाबरण्यासारखं काय आहे त्यात?"

हा चिरका आवाज आपलाच आहे, हे सरांना थोडं उशिरा कळलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून ते दाराकडे वळले. तिथे बारकूची बायको नारळ घेऊन उभी होती.

"काय कुसाबाई, या खेपेला पाणी वाहायचा ताप वाचला ना?"

"वाचला कुठं? सकाळ-सांज मारलं. वर मातीचे वाफे करून तुंबवलं पन. एकवीस दिस. विहीर किती लांब हाय, बघा तरी."

बारकूने बायकोकडे पाहिलं. कुसाबाई एकदम नारळाची शेंडी सोलायला लागली.

आहेर सरांनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं. सिमेंट पाण्याने पक्कं होतं. त्यांचं मिश्रण कोरडंच, उन्हात पक्कं होतं. कच्चं असताना पाणी पडलं, तर द्रावण धुऊन जातं आणि मागे उरते ती भुकटी. "पाणी मारू नका" हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं. भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं. स्लॅब ओतायच्या दिवशी ते स्वतः थांबणारही होते. पण नेमकी त्याच दिवशी कॉलेजात तपासणी समिती आली आणि समितीच्या वाटेवर कुंड्या मांडायला सर्व प्राध्यापकांची हजेरी सक्तीची होती.

म्हणजे डोक्यावर आता स्लॅब नव्हताच. स्लॅबच्या आकाराचा भुकटीचा ढीग होता.

"थांबा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात घण बसला. बुडातली पाचर उडाली, टेकू कलला आणि जमिनीवर आदळला.

अशा वेळी संशोधकाने स्लॅब किती मिलिमीटर वाकला ते मोजायचं असतं. संशोधकाने डोळे मिटले होते. खांद्यावर चिमूटभर काहीतरी पडलं. मग आणखी चिमूटभर. मग काहीच नाही. बाहेर नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, आणि आहेर सरांनी आधी एक डोळा उघडला.

सदस्य हेल्मेटसकट आत आले. दारापर्यंतच आले. "वा, सर! भुकटीचं सोनं केलंत! अशा साठ अंगणवाड्या घेऊ आपण."

साठ. स्वतःच्या डोक्यावर एक स्लॅब होता तोवर सरांना नुसता घाम फुटला होता. आता दातावर दात आपटायला लागले. आज पडला नाही, याचा अर्थ सोमवारी पडणार नाही असा होत नाही, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. गप्प राहिलं तर बढती नक्की होती.

सदस्य फोटोसाठी बाहेर गेले. आहेर सरांनी बारकूचा दंड धरला.

"बारकूभाऊ, सोमवारी पोरं बसवू नका इथे. हा स्लॅब पाडावा लागेल. मीच सांगतो त्यांना."

"पाडायचा? चांगला हाय की!"

"चांगला नाही. पाणी मारलंत तुम्ही. माझ्या मिश्रणाला पाणी चालत नाही. हा कधीही खाली येईल!"

बारकूने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "साहेब, रागवू नका. ह्ये तुमचं नाय. ह्ये सिमेंट हाय. माझ्या घरकुलाला आलेल्या गोण्या हितं वापरल्या."

सरांनी बारकूचा दंड सोडला. "आणि माझं मिश्रण? माझे ड्रम?"

बारकूने हनुवटीने नाल्यापलीकडे दाखवलं. तिथे एक नवं, बुटकं घर होतं. सपाट छतावर नागली वाळत घातली होती.

"माझ्या घरावर. तुम्ही सांगितलं तसंच केलं, पान्याचा थेंब नाय लावला. टेकू काढून बारा दिस झाले. अजून तरी उभं हाय."

"बारा दिवस तुम्ही त्याच्याखाली राहताय?" आहेर सरांचा आवाज पुन्हा चिरकला. "भीती नाही वाटली?"

"लय वाटली. अजून वाटते. कुसाचा तर पहिल्या राती डोळ्याला डोळा नाय लागला." बारकूने घण खांद्यावर टाकला. "पन हितं पोरं बावीस. तिथं आम्ही दोघंच."