वाकडं मनगट

चेंडू सरळ गेला.

एल्स्पेथ गोल्फची काठी खांद्यावर तशीच धरून बघत राहिली. मागे उभा असलेला तिचा भाऊ स्ट्रुअनही बघत राहिला. एल्स्पेथचा चेंडू उजवीकडे वळून समुद्राकडच्या काटेरी झुडपांत जाणार, हे स्कॉटलंडमधल्या फाइफच्या त्या किनाऱ्यावर लहानथोरांना ठाऊक होतं.

"वाऱ्याने गेला असेल," तो म्हणाला.

"वारा तर उजवीकडेच ढकलतोय."

तिने दुसरा मारला. तोही सरळ.

स्ट्रुअनने हातातला थर्मास गवतावर ठेवला. "हात दाखव बघू."

हिवाळ्यात बर्फावरून घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड वाकडंच जुळलेलं. मनगट मागे वळायचं बंद झालं. येत्या गुरुवारी ते पुन्हा मोडून नीट बसवायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा हात चालवून बघू, म्हणून ती आज आली होती.

"काठी वर ने. हळू."

तिने नेली. स्ट्रुअन तिच्याभोवती फिरला, वाकून खालून बघितलं. लोकांना हा खेळ शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"अगं, हेच! वर गेलं की तुझं मनगट मागे मुडपायचं, काठीचं तोंड फिरायचं आणि चेंडू पळायचा उजवीकडे. सांगून सांगून माझा घसा बसला. आता ते मुडपतच नाहीये."

"म्हणजे तुझ्यापेक्षा बर्फाने बरं शिकवलं."

तो हसला. मग त्याने अंगठ्याने मनगट जरा दाबलं. तिने श्वास आत ओढला.

"दुखतं?"

"दार ढकलताना दुखतं. किटली उचलताना दुखतं. आत्ता तर फारच."

"मग गुरुवारी मुकाट्याने जायचं."

"जाईन की. पण नीट झाल्यावर ते पुन्हा मुडपेल ना रे?"

स्ट्रुअनने तिचं मनगट सोडलं.

"मुडपेल," तो म्हणाला.

तिने खिशातून आणखी एक चेंडू काढला.

"वेडी आहेस का? आत्ताच म्हणालीस ना, दुखतंय म्हणून?"

"दुखतंयच. पण बघ ना कसा जातो!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातून चेंडू घेतला, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकला, खुंटी मातीत रोवली आणि चेंडू त्या खुंटीवर ठेवून बाजूला झाला.

काठी फिरली. चेंडू कुठे गेला ते स्ट्रुअनने पाहिलंच नाही. तो बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ओरडत होती, "अजून हवेतच आहे, स्ट्रुअन! अजून हवेतच आहे!"