‘हो’पुरती जागा

टीव्हीतल्या निरगुडेबाईंनी भाकरीचे चार तुकडे केले आणि खणखणीत आवाजात विचारलं, “अपूर्णांक कळले का रे सगळ्यांना?”

“हो, बाई,” चौथीचा वर्ग एका सुरात म्हणाला.

टीव्हीशेजारी उभ्या असलेल्या खऱ्या बाई गप्प होत्या. घशाच्या ऑपरेशनात गेलेला आवाज परत आलाच नव्हता. करोनात घरून शिकवताना केलेल्या व्हिडिओंवर त्या कशीबशी नोकरी रेटत होत्या.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुक्ता उभी राहिली. “बाई, मला नाही कळलं.”

व्हिडिओ करताना बाईंनी मुलांच्या ‘हो’पुरतीच जागा सोडली होती.

“शाब्बास,” टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, “आता पुढचं गणित घ्या.”

बाईंनी घाईघाईने टीव्ही बंद केला, खडू उचलला, फळ्यावर भाकरी काढली. तिचे चार भाग पाडून त्या मुक्ताला समजावायला वळल्या. ओठ हलले, बाहेर आली ती नुसती हवा.

मुक्ता त्यांच्याकडे बघतच नव्हती. काळ्या पडद्याकडे तोंड करून, बाई काय सांगतात याची वाट बघत ती तशीच उभी होती.