शेगडीमागची टाइल

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी टाइल्स बसवल्या. आमच्या स्वयंपाकघरात मात्र शेगडीच्या मागे एक टाइल कमी आहे. "उद्या बसवतो," असं म्हणता म्हणता त्याला बावीस वर्षं झाली.

मुलीने तिकिटं काढून दिली म्हणून वाळवंटातलं एक जुनं शहर बघायला गेलो. मातकट गल्ल्यांमधून वाट काढत निळ्या टाइल्सच्या भल्यामोठ्या कमानीपाशी पोचलो. गाईड म्हणाला, "इथे खाली बघा. हजारो टाइल्स, आणि एकच जागा रिकामी! कलावंताने मुद्दाम सोडली आहे. माणसाचं काम कधीच पूर्ण होत नाही, असा त्याचा अर्थ."

ह्यांनी माझ्याकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू आमच्या शेगडीमागेही इतकी वर्षं तोच अर्थ दडलेला होता.

पण हाताची सवय कुठे जाते? चष्मा कपाळावर सरकवून ह्यांनी त्या रिकाम्या जागेवरून हळूच बोट फिरवलं.

"सोडलेली नाही हो," ते गाईडला म्हणाले. "चुन्यावर टाइलच्या पाठीचा ठसा आहे. आधी बसवली, मग चुना ओला असतानाच अलगद काढली. हा कारागिराचाच हात. घरी नेली असणार त्याने."

"एकच टाइल? घरी कशाला?" गाईडने विचारलं.

ह्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. मग मीच सांगितलं, "बायको म्हणाली असेल. एकदाच."