धावपट्टीवरचे हिरवे विमान

विमान ग्रीनली विद्यापीठाचेच होते, यात कुणालाही शंका नव्हती. गर्द हिरवा रंग, शेपटीवर पंख पसरलेला ससाणा. भर दुपारी ते हार्मन स्प्रिंग्जच्या चिमुकल्या विमानतळावर उतरले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिले.

नोव्हेंबर महिन्यात मिसिसिपीत लोक हवामानापेक्षा विमानांवर जास्त नजर ठेवतात. कुठल्या विद्यापीठाचे विमान कुठे उतरले यावरून कुणाचा अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक कोण पळवणार, हे ताडायचे. चाके थांबायच्या आत विमानाचा नंबर इंटरनेटवर फिरत होता. याच गावातल्या टॅल्बट स्टेट विद्यापीठाचा क्रीडा संचालक हार्लन प्रूइट याला मात्र बातमी फोनवर मिळाली, आणि तीही ओरडून.

"हार्लन, पोरा, झोपलायस का?" बड ओव्हरस्ट्रीट विचारत होता. त्याचे कोंबडीच्या मांसाचे तीन कारखाने होते आणि त्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या स्टेडियमच्या नव्या स्टँडला त्याचेच नाव होते.

"नाही, मिस्टर बड."

"मग खुर्ची काय उबवतोयस? आपल्या कोचला, लाइलला उचलायला आलेत ते! नऊ सामने जिंकलेत त्यानं. नऊ!"

"लाइल कुठं जात नाही, मिस्टर बड. माझ्यावर सोडा."

ही फुशारकी नव्हती. हार्लनचे अर्धे आयुष्य याच धंद्यात गेले होते. ग्रीनलीने आपल्या प्रशिक्षकाला नुकतेच काढले होते. जागा रिकामी होती आणि पैसा उदंड. इकडे लाइल बॅस्कमच्या करारात एकच वर्ष उरले होते. त्याच्या नऊपैकी पाच विजय समोरच्याने शेवटच्या क्षणी चेंडू हातातून सोडल्यामुळे मिळाले होते, हे खरे. पण फलकावर आकडे लागतात, कारणे लागत नाहीत.

अडचण वेगळीच होती. याआधीच्या प्रशिक्षकाला हार्लननेच पूर्ण हमीचा करार दिला होता. त्याला काढून तीन वर्षे झाली, तरी तो फ्लोरिडात गळ टाकून बसला होता आणि पगार टॅल्बटकडून घेत होता. "पुन्हा असं झालं, तर पहिले तुम्ही घरी," असे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी बजावून ठेवले होते. पण लाइल ग्रीनलीला गेला, तर अध्यक्षांची वाट न बघता बडच हार्लनला घरी बसवणार होता.

हार्लन गाडी काढून थेट लाइलच्या घरी गेला. लाइल मागच्या अंगणात धुराच्या भट्टीवर डुकराच्या बरगड्या भाजत होता.

"काय कोच, पाहुणे येऊन गेले वाटतं?"

"कोण पाहुणे?"

"हिरव्या विमानातले."

"सकाळपासून या बरगड्यांपाशी बसलोय मी. चिटपाखरू फिरकलं नाही." लाइलने एक बरगडी उलटली. "एक सांगू, हार्लन? मला इथंच बरं वाटतं. आहे त्या पगारात आणखी दोन वर्षं द्या, माझं काही म्हणणं नाही."

हार्लन मनातल्या मनात हसला. मुरलेला गडी! घासाघिशीत जो मागत नाही तोच सगळ्यात जास्त घेऊन जातो, हे त्याने अशा कितीतरी अंगणांत पाहिले होते.

"मला नका खेळवू, कोच. दहा वर्षं. वर्षाला ऐंशी लाख डॉलर."

लाइलचा चिमटा हवेतच राहिला. "किती?"

"आणि पूर्ण हमी. आम्ही काढलं, तर उरलेला एकेक डॉलर तुमचा. तुम्ही सोडून गेलात, तर नेणाऱ्यानं आम्हाला दोन कोटी मोजायचे."

लाइलने भट्टीचे झाकण लावले. मग म्हणाला, "बायकोला बाहेर बोलावतो. तुमच्याच तोंडून ऐकू दे तिला. मी सांगितलं तर प्यायलोय म्हणेल."

अध्यक्षांनी बरीच कुरकुर केली. हार्लनने त्यांच्यासमोर विमानाचा फोटो ठेवला. "दोन कोटींचं कुंपण घातलंय, सर. यापुढे कुणी आत डोकावणार नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी सह्या झाल्या. बडने साऱ्या कार्यालयासाठी तळलेल्या कोंबडीची खोकी पाठवली. पत्रकार परिषदेत टाळ्या पडल्या. हार्लनने खुर्चीत मागे रेलून कोंबडीची एक तंगडी उचलली आणि वेन टॉलिव्हरला फोन लावला.

वेन ग्रीनलीचा क्रीडा संचालक. कॉलेजात दोघे एका खोलीत राहिले होते, आणि तेव्हापासून एकमेकांना टोमणे मारायची संधी दोघांनीही सोडली नव्हती.

"काय रे वेन, झोप लागली का रात्री?"

"मस्त लागली. अभिनंदन, हार्लन. दहा वर्षं म्हणे?"

"दहा! आता आमच्या माणसाकडे बघायचं असेल तर दोन कोटी खिशात घालून ये. आणि फुकटचा सल्ला देतो. पुढच्या वेळी साधं पांढरं विमान भाड्यानं घे. गुपचूप करायच्या कामाला असं रंगवलेलं विमान कुणी पाठवतं का?"

"नाही पाठवत कुणी," वेन म्हणाला.

तंगडी हार्लनच्या तोंडापाशी थांबली.

"आमचा प्रशिक्षक विमान निघायच्या आधीच ठरला होता. ओहायोचा आहे. विमानात पायलटशिवाय कुणी नव्हतं." वेनचा आवाज अगदी प्रेमळ झाला. "आणि विमानाच्या खर्चाची काळजी करू नकोस. लाइल तुझ्याकडेच राहावा म्हणून, दरवर्षी तुझ्याविरुद्ध खेळणाऱ्या अकराही विद्यापीठांनी वर्गणी काढली होती."