चौथं शील

“पोरगा दिसत नाही कुठं, इवाई?” मांडवात बसता बसता कांताबाईंनी होणाऱ्या व्याह्यांना विचारले.

“अमर? तो पुण्याले असते आता,” धर्मपाल म्हणाले. “कंपनीत लागला. सुट्टीच नाही भेटली.”

“पुण्याले गेलं म्हणजे पोरगं हातचं गेलंच समजा! आमचा रवी पाहा. पांढरकवड्याच्या बाहेर पाय नाही. दिवसभर ट्रक दुरुस्त करते अन् माय वाढन ते खाते.”

मांडव हसला. रवीने लाजून कानामागे हात फिरवला. साक्षगंधासाठी पांढरी साडी नेसून त्याच्या शेजारी बसलेली ममता मात्र वडिलांकडे पाहत राहिली. धर्मपाल उपरण्याची घडी नीट करण्यात गुंतले होते. काल सकाळी त्यांनीच अमरला मोटरसायकलवर बसवून दिग्रसला मावशीकडे सोडले होते. निघताना अमरने बहिणीला काही विचारले नव्हते. साक्षगंधासाठी घेतलेला नवा शर्ट पिशवीतून काढून त्याने फक्त परत खुंटीला टांगला होता.

बौद्धाचार्य उकंडरावांनी तसबिरींपुढे मेणबत्ती लावली. सगळ्यांनी हात जोडले. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले. उकंडराव एकेक ओळ सांगत आणि सारा मांडव ती मागून म्हणे. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही. तिन्ही शीले ममताने सगळ्यांबरोबर म्हटली. बोलायला लागली तेव्हा वडिलांनीच मांडीवर बसवून तिच्याकडून ती पाठ करून घेतली होती.

“मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.” खोटे बोलणार नाही, हे चौथे शील.

मांडवाने ओळ उचलली. त्यात धर्मपालांचा आवाज सर्वांत स्वच्छ होता. ममताचे ओठ मिटलेले राहिले.

“नवरीचा आवाज नाही आला,” उकंडराव हसून म्हणाले. “लाजू नको बाई. पुन्हा घेऊ.”

त्यांनी ओळ पुन्हा सांगितली.

“म्हण न,” धर्मपाल तिच्याकडे झुकून कुजबुजले. “सगळे पाहून राह्यले.”

“नाही म्हणत.”

“काहून?”

“आत्ताच या मांडवात खोटं बोललो आपण, बाबा. तुम्ही बोलले अन् मी ऐकून घेतलं. त्याच तोंडानं कसं म्हणू?”

ती कांताबाईंकडे वळली. तिचे हात अजून जोडलेलेच होते.

“काकू, अमर पुण्याले नाही. दिग्रसले आहे, मावशीच्या घरी. त्याले सिकलसेलचा आजार आहे. डोळे पिवळे दिसते म्हणून त्याले तुमच्यापुढं आणलं नाही. अर्धी सिकल माझ्यात बी आहे. मले त्याचा काही त्रास नाही. पण यांच्यात बी अर्धी निघाली, तर लेकरात पुरी उतरू शकते. म्हणून आधी यांची तपासणी होऊ द्या. साक्षगंध मग पाहू.”

कुणीतरी खोकले. पेढ्यांचे ताट घेऊन निघालेली बाई वाटेतच थांबली.

“मी सांगणारच होतो,” धर्मपाल म्हणाले. त्यांचा मघाचा आवाज आता राहिला नव्हता. “लग्न लागलं की सांगणार होतो. किती ठिकाणं मोडली, तुले माहीत नाही काय? अमरचं नाव निघालं की लोकं चहाचा कप बी अर्धा ठेवून उठते. घराची अब्रू तरी पाह्यची होती, बाई.”

“अमर बी घरातलाच आहे, बाबा.”

कांताबाई पदर सावरत उठल्या. “एवढं येणं-जाणं झालं, अन् एका शब्दानं सांगितलं नाही! चाल रे रवी.”

रवी उठला नाही. “माझी कधी तपासणीच नाही झाली, माय.”

“तुले कायले पाह्यजे तपासणी? ट्रकचं चाक एकटा उचलते तू!”

“कापसाचं बोचकं मी बी एकटीच उचलते, काकू,” ममता म्हणाली. “रक्तातलं वरून नाही दिसत.”

कांताबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. आज पहिल्यांदाच पाहावे तसे. त्या खाली बसल्या नाहीत, पण मांडवाबाहेरही पडल्या नाहीत.

ममताने उकंडरावांकडे तोंड केले. “आता घ्या, गुरुजी.”

उकंडरावांनी धर्मपालांकडे पाहिले. धर्मपालांची मान खाली होती. म्हाताऱ्या उकंडरावांनी घसा साफ केला आणि चौथी ओळ तिसऱ्यांदा सांगितली. ममताने ती एकटीने म्हटली, एकेक शब्द सुटा करून, पार मागच्या बायकांना ऐकू जाईल अशी.

मग तिने शेजारच्या मैत्रिणीच्या हातातला आपला मोबाइल घेतला. तिथेच, सगळ्यांसमोर, तिने नंबर लावला.

“अमर, दुपारची एसटी भेटन तुले. निघ... हो, पाहुणे आहेत अजून. नसले तरी ये.”

पलीकडून तो काहीतरी विचारत होता. ती ऐकत राहिली. वडिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिनेही नजर हलवली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “गॉगल घालून येऊ नको.”