जुलैची लाट

"पास हो गया, सर," हिमानी म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली.

पडद्यावर एक नारिंगी गोळा लाटांवर खालीवर होत होता. लाटांपासून वीज काढायचं यंत्र, कोकणच्या किनाऱ्यासाठी. हिवाळाभर कॉम्प्युटरवर दर वेळी त्याला समुद्रतळाशी बांधणारी साखळी तुटली होती. आज वर्षभराच्या लाटा झेलूनही ती टिकली. समुद्रापासून इतक्या लांब, लखनऊत बसून लाटा बनवायच्या, हा उद्योगच मुळात दमवणारा. हिमानीचा प्रबंध याच निकालावर अडला होता आणि प्रबंधावर बंगळूरची नोकरी. येताना निशातगंजच्या बाजारातून ती लाडू घेऊनच आली होती.

तिचे मार्गदर्शक असलेल्या शरदसरांनी लाडू उचलला, पण तोंडात घातला नाही.

"जुलै दाखव बरं."

तिने जुलै लावला. गोळा पाळण्यासारखा झुलत होता.

"हा डेटा कुठला?"

लखनऊतच वाढलेली हिमानी घरच्या मराठीला हिंदीतच उत्तर द्यायची, तसंच इथेही. "जून से सितंबर तो ख़ाली है, सर. बारिश में नापने वाली मशीन किनारे खींच लेते हैं ना. तो मई और अक्टूबर का औसत डाल दिया. गैप तो ऐसे ही भरते हैं."

भरतात खरे. सरांनी सही केली असती तर कुणी विचारलंही नसतं, आणि त्यांना स्वतःलाही आता या गोळ्याचा कंटाळा आला होता. पण बाहेर जुलैच चालू होता. त्यांनी कोकणात, गुहागरच्या किनाऱ्यावरच्या घरी फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"आई, फोन जरा समुद्राकडे धर."

"गाजेची आठवण झाली होय रे आज?" आई हसली. "वाऱ्याने दार उघडवत नाहीये. खिडकीतून ऐक."

खोलीत आवाज शिरला. डोक्यावरचा पंखा ऐकू येईनासा झाला. आई मध्येच काहीतरी बोलली, तेही कळलं नाही.

हिमानी फोनकडे बघत राहिली. समुद्र तिने कधी पाहिलाच नव्हता.

"रोज़ ऐसा होता है, सर?"

"चार महिने."

तिचे डोळे भरून आले. सरांना फार वाईट वाटलं. त्यांनी लाडू परत डब्यात ठेवला. हिमानीने जुलैचे आकडे पुसून टाकले, मग ऑगस्टचे.

सरांनी फोन बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या, सर," ती पहिल्यांदाच मराठीत म्हणाली. "अजून थोडं ऐकते."