सुईखालचा आवाज

कापसाच्या शेतांवरची माणसं शनिवारी बाजाराला आली, की पर्किन्स आपल्या फर्निचरच्या दुकानाच्या दारात ग्रामोफोन लावायचा. मिसिसिपीतल्या त्या गावात ब्लूजच्या, म्हणजे काळ्या शेतमजुरांच्या दुखऱ्या गाण्यांच्या, रेकॉर्डी अशाच खपायच्या, पलंग-खुर्च्यांच्या शेजारी.

त्या माणसांतली ओडेसा कधीच काही घेत नसे. दाराशी उभी राहून एकच रेकॉर्ड ऐकायची. तिच्या नवऱ्यानं शिकागोला जाऊन आयुष्यात तेवढी एकच रेकॉर्ड काढली होती. पुढच्याच हिवाळ्यात तो न्यूमोनियानं गेला. ती दिसली, की पर्किन्स न सांगता तीच लावायचा. गिऱ्हाईकही जमायचं.

आज त्यानं सुई उचलली, तशी ती तरातरा आत आली. "थांबा साहेब, वाजवू नका. ही मला विकत द्या."

"शेवटचीच उरलीय, ने खुशाल. पण तुझ्या घरी ग्रामोफोन कुठंय?"

"नाही ना, म्हणूनच नेतेय." तिनं रेकॉर्ड अलगद शालीत गुंडाळली. "दर खेपेला तुमची सुई त्याला थोडं थोडं खरवडते, साहेब. गायला लागण्याआधी तो खोल श्वास घ्यायचा, तो ऐकू यायचा. गेल्या शनिवारी नाही आला."